पाच गावांचा एकच बैल

पाच रिपोर्ट माझ्यासमोर होते आणि पाचही रिपोर्टांत एकच माणूस, एकाच रात्री, पाच वेगवेगळ्या गावांतून गडावर चढत होता. त्याच्याबरोबर एक बैल होता. बैलाच्या पाठीवर नाचणीच्या पिठाच्या गोणी होत्या. गडाला वेढा पडलेला. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून त्या माणसाने बैलाच्या गळ्यातल्या घंटेत गवत कोंबलं होतं. पाचही गावांत कोंबलं होतं.

मी महाडच्या एका कॉलेजात कॉमर्सच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवतो. इतिहासाशी माझा संबंध दहावीनंतर संपला. पण अंडरग्रॅज्युएट रिसर्चचा कोऑर्डिनेटर कोणाला करायचं असा प्रश्न आला तेव्हा प्रिन्सिपल मॅडमनी स्टाफरूमभर नजर फिरवली आणि कामं वेळेवर देणारा माणूस पकडला. कामं वेळेवर देण्याची शिक्षा सगळीकडे सारखीच असते.

ही योजना थोडक्यात अशी. पदवीच्या विद्यार्थ्याने नुसत्या नोट्स पाठ न करता एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली छोटंसं संशोधन स्वतः करायचं. त्या प्राध्यापकाला गाईड म्हणतात. रिपोर्टवर गाईडची सही झाली की बाहेरचे परीक्षक येऊन तोंडी परीक्षा घेतात, म्हणजे व्हायवा. तो पार पडला तर रिसर्चच्या चौथ्या वर्षाला प्रवेश. सही नाही तर व्हायवा नाही, आणि व्हायवा नाही तर तीन वर्षांची पदवी घेऊन घरी.

इतिहास विभागात संशोधनाची संधी ही योजना येण्याआधीही होती. देशमाने सर मुलांना ती उदार मनाने द्यायचे. सरांच्या पुस्तकाची प्रुफं तपासणं, सत्काराच्या शाली काचेच्या कपाटात लावणं, आणि सर गडावर बोलत असताना मोबाईल आडवा धरून शूटिंग करणं, अशी ती संधी असे. शेवटच्या कामासाठी मुलांत चुरस असायची, कारण त्यात वडापाव होता.

सरांबद्दल एक सांगितलं पाहिजे. माणूस बोलायला विलक्षण. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत देवळाचा कळस असो, शाळेची नवी खोली असो किंवा मुंबईकर मंडळाचा वार्षिक मेळावा, प्रमुख पाहुणे देशमाने सरच. मानधन मागत नाहीत, रिक्षाने येतात, आणि त्यांचं भाषण ऐकताना बायका लहान मुलांना गप्प बसवतात. हे मी कौतुकानेच सांगतो आहे. माझं भाषण ऐकताना बायका मुलांना घेऊन उठतात.

तर या वर्षी योजना रीतसर सुरू झाली. सरांच्या हाताखाली पाच विद्यार्थी आले. पाच जणांनी आपापल्या गावी जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घ्यायच्या. याला मौखिक इतिहास म्हणतात, म्हणजे कागदावर न उतरलेला, तोंडी चालत आलेला इतिहास. सरांनी प्रश्नावली स्वतः काढली. पहिलाच प्रश्न होता, 'गडाच्या वेढ्यात आपल्या पूर्वजांनी कोणते योगदान दिले?' योगदान दिलं की नाही, हे कोणी विचारायचं नव्हतं. ते ठरलेलं होतं.

रिपोर्ट घेऊन मी स्टाफरूममध्ये सरांकडे गेलो.

"सर, पाचही गावांत बैल एकच आहे."

सरांनी चष्मा काढला. चेहरा असा खुलला की मीच संकोचलो.

"तुमच्याही लक्षात आलं ना! हिरकणीवाडीच्या बाजूपासून पार कापड्याच्या वरपर्यंत एकच स्मृती! पाच गावं, पाच स्वतंत्र साक्षी. मी पेपर लिहायला घेतलाय. विस्मृत रसदवीर! तुमचं संख्याशास्त्र याहून जास्त काय मागतं?"

"स्वतंत्र आहेत का ते मागतं."

"म्हणजे?"

"परीक्षेत पाच मुलांनी एकच उत्तर लिहिलं, शब्दाला शब्द, तर आपण ते उत्तर खरं मानत नाही सर. ती मुलं कुठल्या बाकांवर बसली होती ते बघतो."

"ही गावं एकमेकांपासून डोंगर ओलांडून आहेत. कॉपी कशी करतील?"

"तेच तर मला कळत नाही."

"तुम्ही कॉमर्सवाले," सर प्रेमाने म्हणाले, "तुम्हाला सगळं जुळलं की संशय येतो. आम्हाला आनंद होतो."

मला संशय यायला आणखी एक कारण होतं. पाचही रिपोर्टांत म्हाताऱ्या माणसांचं बोलणं जसंच्या तसं उतरवलेलं होतं. 'नाय', 'हाय', 'आमाला काय ठावं' असं ते चाललेलं असायचं आणि बैल आला की अचानक वाक्य यायचं, 'इतिहासाने त्याची नोंद घेतली नाही, परंतु या मातीने घेतली.' पाच गावांतल्या पाच म्हाताऱ्या तोंडांतून हेच वाक्य. मी माझ्या बायकोला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आपल्या गॅसवाल्याने 'सिलिंडर संपला' असं न सांगता 'ज्योत निमाली' असं सांगितलं तर तू काय समजशील?"

मी पाचही मुलांना बोलावलं. चौघांनी एकसुरात सांगितलं, "वाडवडिलांपासून चालत आलेली गोष्ट आहे सर." पाचवी खाली वहीत बघत होती. प्रतीक्षा ढेबे. कापड्याच्या वर डोंगरावर एक वाडी आहे, तिथली. घरी म्हशी, शेळ्या आणि थोडी नाचणी-वरी. ही पोरगी रोज तासभर उतरून एसटी पकडायची आणि पहिल्या लेक्चरला हजर असायची, जे महाड शहरातल्या मुलांना जमत नाही.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"सर, मला लहानपणी ही गोष्ट कोणी सांगितली नाही. काकी खूप गोष्टी सांगायची. वाघाच्या, चकव्याच्या. बैलाची एकही नाही."

"मग रिपोर्टात कशी आली?"

"या वेळी विचारली तर सगळ्यांनी सांगितली. मीपण चकित झाले." मग म्हणाली, "सर, माझा प्रोजेक्ट रद्द होईल का?"

तिच्या आवाजावरून मला कळलं की प्रश्न बैलाचा नाही. विचारल्यावर तिने सांगितलं. मोठा भाऊ घाटकोपरला असतो. त्याने तिच्यासाठी एका मॉलमध्ये काउंटरची नोकरी बघून ठेवली होती. घरात बोलणी झाली होती: चौथं वर्ष मिळालं तर शिक, नाही मिळालं तर गणपतीनंतर मुंबईला ये.

"रद्द करणार नाही," मी म्हटलं. "पण पुन्हा एकदा वाडीवर जाऊ. मीही येतो. कोऑर्डिनेटरने एक तरी फील्ड व्हिजिट करायची असते."

स्कूटर रस्ता संपेपर्यंत गेली. पुढे चढण. प्रतीक्षा पुढे आणि मी बराच मागे. वाडीत पोचलो तेव्हा माझ्याकडे बघून तिची काकी पहिलं वाक्य बोलली ते असं, "सरांना आधी पानी दे गो, इतिहास मंग इचार."

अंगणात सातआठ जण जमले. तात्या म्हणून वाडीतले सगळ्यात वयस्कर गृहस्थ मध्ये बसले. मी आधी प्रश्नावलीत नसलेला प्रश्न विचारला. त्या पावसाळ्यात महाड तालुक्यातलं तळीये गाव दरडीखाली गेलं त्या वेळी तुम्ही कुठे होता?

अंगण एकदम बदललं. काकी गोठ्यात होती, म्हशी दावणीला ठरत नव्हत्या. एक बाई मुंबईला मुलाकडे होती आणि रात्रभर फोन लागत नव्हता. तात्यांना आधी खरंच वाटलं नव्हतं. एकाच्या मते पाऊस तेव्हा थांबला होता, दुसऱ्याच्या मते आभाळ फाटलं होतं, आणि त्या दोघांचं त्यावरून थोडं वाजलंही. प्रत्येकाची आठवण वेगळ्या जागेवरून बघितलेली होती. खऱ्या आठवणीचे आकडे असे पसरलेले असतात. संख्याशास्त्रात आम्ही त्या पसरण्यावरच विश्वास ठेवतो.

मग मी बैलाबद्दल विचारलं. तात्या ताठ बसले. हात पुढे करून त्यांनी गोष्ट सुरू केली आणि अंगणातल्या सगळ्यांचे ओठ त्यांच्याबरोबर हलायला लागले. मातीने नोंद घेतली, तिथे एक पोरटंही सामील झालं.

"छान," मी म्हटलं. "तात्या, ही गोष्ट तुम्ही पहिल्यांदा कुठे बसून ऐकलीत?"

"कुठं म्हंजे? मांडवात."

"कुठल्या मांडवात?"

"देवळाचा कळस चढवला तवा. मुंबैकर समदे आलेले. तुमचंच सर व्हते की माईकवर!"

प्रतीक्षाने वहीवरून मान वर केली.

"देशमाने सर?"

"तेच. काय बोलला तो मानूस! आमाला तर ठावूकच नव्हतं आमचे वाडवडील येवढे भारी व्हते."

"त्याच्याआधी ही गोष्ट वाडीत नव्हती?" मी विचारलं.

"कशी असंल?" काकी मध्येच बोलली. "त्या वाटेनं बैल चढतो व्हय? माझी म्हैस तिथं पाय टाकत नाय. आनि गोण्या घालून रातचा बैल? ज्यानं गोष्ट केली त्यानं बैल हाकला नसंल कधी."

"मग काकी, मला का सांगितलीत?" प्रतीक्षा जवळजवळ रडकुंडीला आली होती. "मी एवढं लिहून नेलं!"

काकीला या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं.

"अगो, तू कॉलेजातून फारम घेऊन आलीस. सर तुझे, गोष्ट त्यांची. आमी दुसरंच कायतरी सांगितलं आनि त्यांनी तुझे मार्क कापले, तर? म्हनून समद्यांनी पाठ केली. या चिंगीच्या मोबाईलवर भाषान हाय, दोन वेळा लावून ऐकलं. चुकली तर नाय ना कुठं?"

चुकली नव्हती. एक शब्दही चुकला नव्हता. पोरीला मार्क मिळावेत म्हणून एका अख्ख्या वाडीने आपले पूर्वज पाठ केले होते.

खाली उतरताना प्रतीक्षाने वही पिशवीत टाकली. मग म्हणाली, "सर, मी हेच लिहिणार."

"गाईड कोण आहे ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पण आता खोटं कसं लिहू? काकीला विचारून आलोय आपण."

तिने रिपोर्ट नव्याने लिहिला. गोष्टीचा उगम: कळसारोहणाच्या कार्यक्रमातलं प्रमुख पाहुण्यांचं भाषण. खाली सरांचं पूर्ण नाव, पदासकट. तिने तो सहीसाठी नेला आणि दहा मिनिटांत सर माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

"मी या मुलीचा गाईड आहे की आरोपी?"

"सर, बसा."

"मी सही करणार नाही. बाकीच्या चौघांनी व्यवस्थित रिपोर्ट दिलेत."

"बाकीच्या चार गावांतही तुमची भाषणं झाली आहेत ना?"

सर बसले.

"सर, मला फक्त एक सांगा. ही गोष्ट तुम्हाला कुठे मिळाली?"

"लोकांत."

"कुठल्या लोकांत?"

"हे बघा," सर हळू आवाजात म्हणाले, "समोर पाचशे माणसं बसलेली असतात. मुंबईहून गाड्या करून आलेली. आपल्या गावाबद्दल काहीतरी ऐकायला. त्यांना मी सांगू, की तुमच्या गावाचा उल्लेख मला कुठेही सापडला नाही? आणि वेढा पडल्यावर कोणीतरी रसद नेलीच असणार की नाही?"

"नेली असणार."

"मग झालं तर!"

"कोणीतरी नेली असणार आणि यांनीच नेली, यांच्यात फरक आहे सर."

"तो फरक तुम्ही माईकवर सांगून दाखवा," सर म्हणाले आणि उठून गेले.

मी मॅडमकडे गेलो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही समन्वयक आहात. समन्वय करा." प्रशासनात बढती कशाने मिळते हे मला त्या दिवशी थोडंसं कळलं.

व्हायवा जवळ आला होता. सही नव्हती. प्रतीक्षाच्या भावाचा फोन येऊन गेला होता. मॉलवाले विचारत होते. मी तिला स्पष्ट सांगितलं, सरांना न दुखावता सत्य सांगण्याचं सूत्र माझ्या विषयात नाही. ती म्हणाली, "माझ्या विषयात बघते."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन सरांकडे गेली. टेबलावर रिपोर्ट ठेवला. मुखपृष्ठावर नवा विषय होता: 'प्रमुख पाहुण्यांचे भाषण आणि गावाच्या स्मृतीची घडण.'

"सर, मी चुकीच्या ठिकाणी नाव टाकलं होतं," ती म्हणाली. "मी तुम्हाला दोष म्हणून लिहिलं. पण तुम्हीच शिकवलंत ना, ज्याच्यातून माहिती थेट मिळते ते प्राथमिक साधन. या विषयात प्राथमिक साधन तुम्ही आहात."

सरांनी मुखपृष्ठ वाचलं. पंखा फिरत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण मला हसू येत होतं आणि ते दिसलं असतं तर पोरीचं वर्ष गेलं असतं.

"प्राथमिक," सर म्हणाले. "म्हणजे ताम्रपटासारखं?"

"हो सर. फक्त तुम्हाला उलट प्रश्न विचारता येतात. ताम्रपटाला येत नाहीत."

"हं." सरांनी मुखपृष्ठ पुन्हा वाचलं. "विषय नवीन आहे. आपल्याकडे यावर काम झालेलं नाही."

"नाही सर."

"पण मग सही?"

इथे मी तोंड उघडलं. साधन स्वतःच स्वतःच्या खरेपणाची सही करू शकत नाही, असा माझा मुद्दा होता. कॉलेजच्या नियमांत गाईड बदलण्याची सोय होती, आधीच्या गाईडची हरकत नसली पाहिजे एवढंच. सरांनी हरकत नसल्याचं तिथेच लिहून दिलं. गाईडपद सोडताना त्यांच्या चेहऱ्यावर बढती मिळाल्याचा भाव होता. माझ्या गळ्यात मात्र इतिहासाचा एक प्रोजेक्ट पडला.

सरांची मुलाखत आम्ही लायब्ररीत घेतली. ते नवा झब्बा घालून आले होते. सुरुवातीला ते भाषणच करत होते. पण प्रतीक्षा तयार झाली होती. तिने मध्येच विचारलं, "सर, घंटेत गवत कोंबायचं कुठून आलं? ते आमच्याकडे कोणालाच सुचलं नसतं."

सर थांबले. मग हसले. अगदी वेगळं हसले.

"आमचे मामा," ते म्हणाले. "रात्री म्हैस दुसऱ्याच्या वावरात चरायला सोडायचे. घंटा वाजू नये म्हणून गवत कोंबायचे. मी कंदील धरायला असायचो. एकदा गवत गळून पडलं आणि घंटा वाजली. असा मार बसला आम्हाला!"

मुलाखतभर सर जे काही बोलले त्यात ही एकच गोष्ट अशी होती जी त्यांनी माईकवर कधी सांगितली नव्हती. प्रतीक्षाने ती जशीच्या तशी उतरवून घेतली. सर म्हणाले, "हे छापायलाच हवं का?" मग स्वतःच म्हणाले, "छापा. मामा आता नाहीत. आणि परिशिष्टात माझा फोटो घालणार असाल तर बाजूने काढलेला घाला."

बाहेरच्या परीक्षक बाई पुण्याहून आल्या. पहिला व्हायवा प्रतीक्षाचा. बाईंनी विचारलं, "तुझ्या वाडीने खोटं सांगितलं असं म्हणायचं का?"

"नाही मॅडम. त्यांनी मला मदत केली. मीच चुकीचा प्रश्न घेऊन गेले होते."

"आणि खरा इतिहास काय आहे वाडीचा?"

"अजून माहीत नाही. काकी म्हणते, आमची माणसं गवतासाठी गुरं घेऊन वर आली आणि तिथेच राहिली. लढाई झाली तेव्हा ती कुठे होती असं विचारलं तर म्हणते, गुरांमागे. पण हे मी एकाच माणसाकडून ऐकलंय. आणखी लोकांना विचारायला चौथं वर्ष लागेल."

बाई हसल्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला गुण दाखवले. चौथ्या वर्षाची सोय झाली होती. उरलेले चार रिपोर्ट वाचून बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "या मुलांनी कोणाला विचारलं का, गोष्ट कुठे बसून ऐकली?" चौघांना परत गावी पाठवलं. चौघेही परत येऊन म्हणाले, मांडवात.

भावाने मॉलला नाही म्हणून कळवलं. प्रतीक्षाच्या म्हणण्यानुसार तो आधी चिडला, आणि मग परिशिष्टातला सरांचा फोटो बघून म्हणाला, "हे तर आपल्या कळसाला आलेले! यांच्यावर प्रोजेक्ट केलास? भारी!" सरांची आता कार्यक्रमांत ओळख करून देतात ती 'ज्यांच्यावर संशोधन झाले आहे असे' अशी. आमंत्रणं वाढली आहेत. बैल मात्र त्यांनी सोडून दिला. हल्ली ते मामांची गोष्ट सांगतात आणि बायका मुलांना अजूनही गप्प बसवतात.

मी यातून एक नियम केला आणि तो आता आमच्या कॉलेजात लागू आहे. साक्षीदार किती आहेत ते नंतर मोजायचं. आधी लाऊडस्पीकर किती होते ते मोजायचं.

परवा प्रतीक्षा आली तेव्हा मला वाटलं पेढे असतील, पण ती वेगळंच काम घेऊन आली होती. देवळाचा वर्धापनदिन आहे, मुंबईकर मंडळाने या वर्षी तिलाच प्रमुख पाहुणी केलंय. काकीने बजावलंय, "कायतरी चांगलं बोल गो. मागाहून पोरं फारम घेऊन आली की आमाला तेच सांगाया लागतं."

"सर, काय बोलू?" तिने विचारलं.

मी तिला सांगितलं, जेवढं माहीत आहे तेवढं बोल आणि माईक बंद आहे याची खात्री करून मग बाकीच्या गप्पा मार.